सर्व्हेयर म्हणतो ‘सायलेन्सर दुरुस्त होतो’, सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘बदलावाच लागेल’

प्रश्न थोडक्यात असा: १६० सीसीची बीएस-६ (धुराच्या नव्या निकषांची) दुचाकी, वय अडीच वर्षं. पावसात घसरून उजव्या अंगावर पडली. सायलेन्सरला पोचा आणि लांबलचक घासल्याच्या खुणा, बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरकडे जाणारा) जागचा हललाय, थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो. सर्व्हिस सेंटरचं इस्टिमेट १४,८०० रुपये. विमा कंपनीच्या सर्व्हेयरनं फोटो बघून सायलेन्सर ‘रिपेअर’मध्ये टाकला, ओटू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) यादीतून काढून टाकला. आता भांडायचं, की क्लेम सोडून बाहेर वेल्डिंग करून घ्यायचं?

तुम्हाला वाटतंय की प्रश्न इन्शुरन्स पैसे देणार की नाही हा आहे. तो तसा नाही. पडल्यामुळे झालेलं नुकसान ओन डॅमेजमध्ये, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्यात, बसतंच. खरी अडचण अशी की एक्झॉस्टचं जे नुकसान डोळ्यांना दिसतं ते बहुतेक वेळा किरकोळ असतं, आणि जे महागाचं असतं ते दिसत नाही. सर्व्हेयर दिसेल तेवढ्यालाच मंजुरी देतो. तेव्हा न दिसणारं नुकसान दुरुस्ती सुरू होण्याआधी त्याला दाखवून देणं, एवढंच तुमचं काम आहे.

त्याआधी एक गोष्ट पॉलिसी उघडून बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेज मात्र बहुतेकांच्या पॉलिसीत पहिल्या एका वर्षाचंच असतं. कागदावर पाच वर्षांपुढची तारीख दिसते म्हणून लोक निर्धास्त राहतात आणि ओन डॅमेज दीड वर्षापूर्वीच संपलेलं असतं. पॉलिसीवर दोन वेगवेगळे कालावधी छापलेले असतात. ‘ओन डॅमेज’समोरची तारीख अपघाताच्या दिवशी चालू होती का तेवढं पाहा. ती संपलेली असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी निरुपयोगी आहे, स्वतःच्या सायलेन्सरला एक रुपया मिळणार नाही. सर्व्हेयर नेमला गेला म्हणजे तुमचं चालू असावं, असं धरून पुढे लिहितो.

आता सर्व्हेयर कुठे बरोबर आहे ते आधी. मफलरच्या (सायलेन्सरचा मागचा जाड भाग) बाहेरच्या पत्र्याला एखादा उथळ पोचा, क्रोम किंवा काळा रंग घासलेला, शेवटच्या टोपीवर ओरखडे: यानं गाडीच्या चालण्यात काही फरक पडत नाही. बाहेरचा पत्रा आणि आतला कप्पा यांच्यात बहुधा अंतर असतं, त्यामुळे बाहेरचा पोचा आतपर्यंत पोचलेला नसतो. एवढंच नुकसान असेल तर पूर्ण असेंब्ली मागू नका. हीट गार्ड आणि टोपी सुटी मिळत असेल तर ती मागा, बाकीचं रंगकाम घ्या. कंपनी ‘दिसायला वाईट दिसतं’ यासाठी नवा सायलेन्सर देत नाही, आणि या मुद्द्यावर भांडून बाकीच्या खऱ्या मुद्द्यांची किंमत तुम्हीच कमी करता.

पण तुम्ही लिहिलंय की बेंड पाइप हललाय आणि थ्रॉटल सोडताना फटफट येते. हे वेगळं प्रकरण आहे. गाडी उजवीकडे पडते तेव्हा सायलेन्सरचं मागचं टोक रस्त्यावर आपटतं आणि लांब पहार टेकवून उचकटावं तसा सगळा झटका पुढच्या टोकाला जातो. तिथे सिलिंडर हेडमध्ये बसवलेले दोन छोटे स्टड आणि त्यांच्यामध्ये एक पॅकिंग. स्टड वाकतात, फ्लॅंज (पाइपच्या तोंडाची बसकी पट्टी) तिरकी होते, पॅकिंगची कड दबते आणि गळती सुरू होते. थ्रॉटल बंद केल्यावर पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो, त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, आत उरलेलं न जळलेलं पेट्रोल त्या हवेत पेटतं. तीच तुमची फटफट.

बीएस-६ गाडीत हे तेवढ्यावर थांबत नाही. ओटू सेन्सर त्याच बेंड पाइपवर असतो. गळतीची हवा त्याच्यापर्यंत पोचली की त्याला वाटतं मिश्रण पातळ झालं (पेट्रोल कमी पडलं), म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज पडतं, टोकाला काजळी धरते, आणि जादाचं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणारा भाग, थोडक्यात ‘कॅट’) जळून तो गरजेपेक्षा जास्त तापतो. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा थर असतो. बीएस-६ चा सायलेन्सर जुन्या गाड्यांच्या मानानं महाग पडतो त्याचं एक मोठं कारण हेच.

इथेच पॉलिसीतली एक अट आठवा, जी फारसं कुणी वाचत नाही. अपघातानंतर दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर वाढलेला भाग मालकाच्या माथी. म्हणून ‘चालतेय ना, मग सर्व्हेयरचं ठरेपर्यंत ऑफिसला नेतो’ असं करू नका. गाडी उभी ठेवा. ओडोमीटरचा फोटो अपघाताच्या दिवशी काढला असेल तर उत्तम. नसेल तर आज काढा.

आता दाखवायचं कसं. सर्व्हेयरला सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्यक्ष बोलवा. फोटोवरून मंजुरी दिली असेल तर ‘फेरतपासणी हवी, आतलं नुकसान फोटोत दिसत नाही’ असं ईमेलवर लिहा. त्याच्यासमोर, किंवा तो येत नसेल तर नंबर प्लेट एकदा चौकटीत घेऊन सलग व्हिडिओत, या तपासण्या करायला सांगा.

गाडी थंड असताना सुरू करा, आयडलवर ठेवा. मेकॅनिकनं हातमोजा घालून जाड ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी तीन-चार सेकंद धरायचं, पूर्ण दाबून नाही. हेडपाशी किंवा सांध्यापाशी फुस्स आवाज आला की गळती ठरली. सांध्याभोवती काजळीचा काळा पंखा उमटलेला असेल तर त्याचा जवळून फोटो घ्या. तो पुसू नका, हा तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे.

मग इंजिन बंद करून, सायलेन्सर थंड झाल्यावर, रबरी हातोडीनं कॅटच्या फुगीर भागावर हलकंसं ठोकायचं. आत खुळखुळ वाजलं तर जाळी सुटली आहे आणि ती दुरुस्त होत नाही, विषय संपला. वाजलं नाही म्हणजे कॅट धड आहे असं मात्र नाही, कारण धातूची जाळी दबली तरी वाजत नाही.

पुढे स्कॅनर लावून एरर कोडची प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो. ओटू सेन्सरची लाइन सर्व्हेयरनं कापली आहे, ती परत आणायला ही प्रिंट लागेल. सेन्सरचा कोड नसेल, वायर तुटलेली नसेल आणि सेन्सरवर घाव नसेल, तर त्याची मागणी सोडून द्या. असेंब्ली बदलताना जुना सेन्सर काढून नव्या पाइपवर बसवता येतो. तो काढताना आटे गेले किंवा अडकून तुटला, तर तो पुरवणी इस्टिमेटमध्ये येतो.

मागची माउंटिंग पट्टी बघा. तिच्या वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग असते, रंगाखाली लपते. बोटानं कळत नाही. फडक्यानं पुसून टॉर्च आडवा धरला की दिसते. शेवटी, सायलेन्सर उतरवल्यावर पुढची फ्लॅंज सपाट काचेवर किंवा प्लेटवर ठेवून डुगडुगते का ते पाहा. तिरकी फ्लॅंज नवं पॅकिंग टाकूनही गळत राहते, आणि नट जास्त आवळून ती सरळ करायला गेलं की हेडमधले आटे जातात. सायलेन्सरचा क्लेम हेडच्या कामापर्यंत वाढतो तो बहुतेक याच रस्त्यानं.

‘दुरुस्त का होत नाही’ याचं उत्तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, तोंडी नको. दोन कागद पुरतात. एक, पार्ट कॅटलॉगचं पान. अनेक बीएस-६ गाड्यांत बेंड पाइप, कॅट आणि मफलर एकत्र वेल्ड केलेली एकच असेंब्ली असते, त्यातला पाइप सुटा मिळत नाही. सर्व्हेयर ‘फक्त बेंड पाइप घ्या’ म्हणतो तेव्हा हे पान त्याच्यासमोर ठेवायचं. तुमच्या गाडीत सुटा मिळत असेल तर मात्र तो बरोबर आहे. दुसरा कागद म्हणजे लेटरहेडवर दोन ओळी: अमुक ठिकाणी भेग, फ्लॅंज तिरकी, वेल्ड केल्यास कॅट आणि सेन्सरच्या आट्यांना उष्णतेचा धोका, म्हणून दुरुस्तीची हमी देता येत नाही. ‘बदलणे आवश्यक’ एवढंच लिहिलेल्या पत्राला सर्व्हेयर किंमत देत नाही, कारण असं पत्र त्याला प्रत्येक वर्कशॉप देतं.

गंजाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पावसाळ्यात निम्मे वाद यावरून होतात. गंज आणि झीज पॉलिसीत बसत नाही. रस्त्यावर घासून उघडा पडलेला पत्रा पावसात दोन-तीन दिवसांत नारिंगी होतो. कोकणात किंवा गोव्यात तर दुसऱ्याच दिवशी. सर्व्हेयर आठवड्यानं आला की म्हणतो, हे जुनंच आहे. ताज्या घावाची ओळख अशी: ओरखडे सगळे एकाच दिशेनं जातात, गंज वरवरचा असतो, नखानं निघतो, खालचा पत्रा चमकतो. जुना गंज आतून येतो, त्याला खवले सुटतात, भोकाच्या कडा कागदासारख्या पातळ झालेल्या असतात. पहिल्या दिवशीचे फोटो असतील तर तारखेसकट ईमेलला जोडा. आणि मफलरच्या खालच्या बाजूला आतून खाऊन पडलेलं भोक असेल तर ते अपघाताच्या खात्यात घालायचा प्रयत्न करू नका. ते लगेच ओळखू येतं आणि मग खरं नुकसानही संशयात जातं.

पैशांचा हिशेब तुमच्याच इस्टिमेटसारख्या आकड्यांवर मांडतो, जीएसटी धरून. सायलेन्सर असेंब्ली ९,५००, ओटू सेन्सर २,२००, प्लास्टिकचं हीट गार्ड ६००, पॅकिंग-स्टड-नट ३००, मागच्या फूटरेस्टचं ब्रॅकेट ९००, रबर १००, मजुरी १,२००. एकूण १४,८००.

झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर घसारा, म्हणजे भागाच्या वयाची वजावट, असा लागतो: धातूच्या भागांना गाडीच्या वयाप्रमाणे, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, त्यापुढे दहा वर्षांपर्यंत ४० आणि नंतर ५०. रबर आणि प्लास्टिकला वय न बघता सरसकट ५०. मजुरीला घसारा नाही. तुमची गाडी १५ टक्क्यांच्या खान्यात आहे. सायलेन्सरचे ८,०७५, सेन्सरचे १,८७०, हीट गार्डचे ३००, ब्रॅकेटचे ७६५, रबरचे ५०, मजुरी १,२००. पॅकिंग, स्टड आणि नट बऱ्याचदा कन्झ्युमेबल (वापरून संपणारी वस्तू) म्हणून कापले जातात, म्हणून शून्य धरू. झाले १२,२६०. दुचाकीला सक्तीची वजावट सहसा १०० रुपये असते आणि जुन्या सायलेन्सरच्या मोडीचे समजा ५०० कापले, तर हातात ११,६६०. झिरो डेप असतं तर हाच आकडा १३,९०० झाला असता. उलट सर्व्हेयरचं आत्ताचं म्हणणं मान्य केलं, सायलेन्सरच्या डेंटिंग-वेल्डिंगला २,००० धरले आणि सेन्सर सोडला, तर ४,२१५ मिळतात. म्हणजे हा वाद साडेसात हजारांचा आहे.

मंजुरीचा कागद आला की ओळ न् ओळ तपासा. सायलेन्सर चुकून ५० टक्क्यांच्या रकान्यात गेलेला असतो, असं होतं. मेटल हीट गार्ड प्लास्टिकमध्ये टाकलेलं असतं. अशी चूक दाखवली की त्यावर सहसा वाद होत नाही, दुरुस्त करून मिळते.

मोडीचं विसरू नका. कॅट असलेल्या सायलेन्सरला भंगारात साध्या लोखंडापेक्षा चांगला भाव येतो. कंपनीनं मोडीचे पैसे कापले असतील तर जुना सायलेन्सर तुमचा आहे, तो घरी न्या. कापले नसतील तर तो कंपनीचा. पैसेही कापले आणि जुना भागही वर्कशॉपमध्येच राहिला, असं होऊ देऊ नका.

‘बोनस जाईल म्हणून क्लेम नको’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी दिला असेलच. दुचाकीच्या बाबतीत ही भीती जरा जास्तच पसरली आहे. नो क्लेम बोनस फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर असतो, थर्ड पार्टीवर नाही. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. क्लेम केला की शून्यावर येतो. तुम्ही सध्या २५ वर असाल. बोनसआधीचा ओन डॅमेज हप्ता १,६०० धरला, तर पुढच्या वर्षी ३५ टक्के म्हणजे ५६० बुडतात, त्याच्या पुढच्या वर्षी ४५ आणि २० मधला फरक ४००, मग ५० आणि २५ मधला पुन्हा ४००, नंतर २४० आणि ८०. बेरीज १,६८०, १८ टक्के जीएसटी धरून साधारण २,०००. पाच वर्षांत मिळून. आयडीव्ही (गाडीची विम्यातली किंमत) घटत जाते म्हणून प्रत्यक्षात याहून कमी. तेव्हा हातात दोन-अडीच हजारांच्या वर येत असतील तर क्लेम परवडतो. फक्त टोपी आणि रंग असेल तर खिशातून करा. मोठ्या गाड्यांचा हप्ता जास्त असतो, तिथे हीच आकडेमोड आपल्या आकड्यांनी पुन्हा करावी लागेल. झिरो डेप असेल तर वर्षाला किती क्लेम चालतात तेही बघा, बऱ्याच पॉलिसींत दोनची मर्यादा असते.

क्लेम फॉर्मबद्दल दोनच गोष्टी. वर्कशॉपनं पुढे केलेल्या कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. आणि अपघाताचं वर्णन नुकसानाशी जुळलं पाहिजे: ‘ओल्या रस्त्यावर घसरून गाडी उजव्या बाजूला पडली, साधारण इतके फूट घासत गेली, सायलेन्सर दुभाजकाच्या कडेला आदळला’, जे घडलं तेच. वर्कशॉपमधला मुलगा घाईत ‘समोरून धडक’ लिहितो आणि मग समोर एकही खूण नाही म्हणून फाइल अडकते. एकट्यानं पडून फक्त स्वतःच्या गाडीचं असं नुकसान असेल तर सहसा एफआयआर मागत नाहीत. दुसरं कुणी जखमी असेल तर गोष्ट वेगळी. पीयूसी संपली होती म्हणून क्लेम नाकारता येत नाही, हे विमा नियामक इर्डाईनं २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. लायसन्स मात्र त्या दिवशी वैध असायलाच हवं.

सायलेन्सर उतरवल्यावर स्टड तुटलेला किंवा हेडचे आटे गेलेले सापडले तर काम तिथेच थांबवायला सांगा. फोटो, पुरवणी इस्टिमेट, सर्व्हेयरची मंजुरी, मग पुढे. आधी काम उरकून नंतर बिल लावलं तर ती ओळ हमखास कापली जाते.

तुम्ही जाता जाता विचारलंय की मंजूर पैशांत थोडी भर घालून बाहेरचा ‘फ्री फ्लो’ (मोठा आवाज करणारा) सायलेन्सर बसवला तर? नका बसवू. दुरुस्तीनंतर फेरतपासणी होते, बिलावरचा भाग गाडीवर नसेल तर पैसे अडतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबन होऊ शकतं. पोलीस असे सायलेन्सर काढून रस्त्यावर ओळीनं मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. अपघाताच्या वेळीच बाहेरचा सायलेन्सर असेल तर त्याची भरपाई मिळणार नाही, कारण तो पॉलिसीत नोंदलेला नसतो. अशा वेळी घरातला मूळ सायलेन्सर घाईघाईनं बसवून, त्यावर घासून क्लेम लावणारे महाभाग असतात. नव्या कोऱ्या बोल्टवर जुना घासलेला सायलेन्सर बघून सर्व्हेयरला काय कळायचं ते कळतं, आणि मग ती सरळ फसवणूक ठरते.

एवढं करूनही ‘रिपेअर’वरच अडून बसले तर सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि बदल नाकारण्याचं कारण लेखी मागा. ईमेल लहान ठेवा: क्लेम नंबर, कॅटलॉगचं पान, वर्कशॉपचं पत्र, गळतीचा व्हिडिओ, आणि एकच वाक्य, ‘वेल्डिंगनंतर गळती राहिल्यास जबाबदारी कुणाची ते लेखी कळवावे.’ याचं उत्तर द्यायला कुणाला आवडत नाही, त्यामुळे फाइल वरच्या माणसाकडे जाते. तिथेही नाही झालं तर कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, सोबत इर्डाईचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा क्रमांक. महिनाभरात उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. साडेसात हजारांसाठी तिथवर जावं का? लेखी कागद हातात असतील तर जावं, तोंडी बोलण्यावर असेल तर वेळ वाया जाईल.

आधी उद्या सकाळी थंड गाडीवर ओल्या फडक्याची तपासणी करून घ्या. सांध्यातून आवाज आला नाही आणि फ्लॅंज सरळ निघाली, तर सर्व्हेयरचं बरोबर आहे आणि वर लिहिलेलं अर्धंअधिक तुम्हाला लागणार नाही. आवाज आला तर व्हिडिओ त्याच दिवशी पाठवा.